बी-टू पास झाले, पण वॉर्डात तोंड उघडत नाही

मिरजेची_सिस्टर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी मूळची मिरजेकडची, जीएनएम झाल्यावर तिकडेच आयसीयूला नोकरी केली, मग पुण्यात राहून जर्मन शिकले आणि आता स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये आहे. मेडिसिन वॉर्ड. नर्सिंगच्या शिक्षणाला इथली मान्यता मिळायची प्रोसेस अजून चालू आहे म्हणजे कागदोपत्री मी सध्या हेल्परच. बी-टूचे, म्हणजे जर्मनच्या सहा पातळ्यांतल्या चौथ्या पातळीच्या परीक्षेचे, चारही मॉड्यूल पहिल्याच फटक्यात निघाले होते, वाचनात तर भरपूर मार्क होते, त्यामुळे भाषेचं काही अडेल असं मनातही आलं नव्हतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. सकाळची शिफ्ट संपताना दुपारच्या लोकांना हँडओव्हर द्यायचं असतं. बारा नंबरच्या आजोबांनी सकाळपासून काही खाल्लं नाहीये, डाव्या हाताची सलाईनची जागा सुजलीय, शुगर परत बघायला सांगितलीय, हे सगळं मला माहीत असतं, मीच तर होते त्यांच्यापाशी. पण मी मनात वाक्य जुळवत बसते, हाताला डेर की डी (म्हणजे शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी), क्रियापद कुठे टाकायचं, आणि वाक्य तयार होईपर्यंत गाडी चौदा नंबरला पोचलेली असते. मग कुणीतरी चार्टमध्ये बघून माझ्या पेशंटचं माझ्याऐवजी सांगून टाकतं. कुणी रागावत नाही हो, उलट फार चांगले आहेत सगळे, आधी हळू बोलतात, तरी मी अडकले की इंग्लिशवर येतात, आणि तेच मला जास्त लागतं. फोन वाजला की मला नेमकी चादरींच्या ट्रॉलीची आठवण होते आणि मी तिकडे सटकते.

गंमत म्हणजे रात्री घरी टीव्हीवर तागेसशाउच्या बातम्या लावल्या की जवळपास सगळं कळतं. युरोपच्या राजकारणावर निबंध लिहायला सांगा, लिहीन. पण वॉर्डातल्या आज्या जे काय बोलतात ती जर्मनच आहे का अशी शंका येते. आणि घरी आईने सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय की पोरगी फाडफाड जर्मन बोलते.

तर प्रश्न असा की मी आता सी-वनचा, म्हणजे त्याच्या पुढच्या पातळीचा, क्लास लावू का? संध्याकाळचा आहे, फी बरीच आहे आणि शिफ्ट सांभाळून जायचं म्हणजे झोपेचं खोबरं होणार. पण अजून शब्द आणि ग्रामर पक्कं झालं की बोलणं आपोआप येईल का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

नेकारकाठचा_पाहुणा

ताई, आधी एक गोष्ट, आज्यांचं बोलणं कळत नाही यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही शिकलात ती पुस्तकातली जर्मन आणि त्या बोलतात श्वेबिश, ही इकडची बोली. या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची स्वतःची सरकारी जाहिरातच कितीतरी वर्षं अशी होती की आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. १९९९ ला सुरू झाली आणि २०२१ पर्यंत चालली, म्हणजे त्यांनाच अभिमान आहे त्याचा! तुमच्या कामाचं एक सांगतो. इथला म्हातारा माणूस 'फूस' दुखतोय म्हणाला तर नुसतं पाऊल तपासू नका, श्वेबिशमध्ये कंबरेपासून खालचा अख्खा पाय म्हणजे फूस. आणि 'हेबन' म्हणाला तर उचला नव्हे, धरून ठेवा. अशा पाच-पंचवीस गोष्टी आहेत, एखाद्या गप्पिष्ट कलीगला विचारून वहीत लिहून घ्या, फार नाहीत.

बाकी माझं उदाहरण घेऊ नका असंच सांगेन. मी गाड्यांच्या क्षेत्रात आहे, ऑफिसात सगळं इंग्लिशमध्ये चालतं, मीटिंग इंग्लिश, मेल इंग्लिश, कँटीनच्या टेबलावर पुणे-नाशिक-कोल्हापूर. त्यामुळे जर्मनची सर्टिफिकेटं फाइलला आहेत आणि टॅक्सवाल्याकडे जाताना आजही बायकोला बरोबर नेतो, कारण ती बालवाडीत काम करते आणि चार वर्षांच्या जर्मन पोरांशी भांडून भांडून तिची जीभ सुटलीय. तुमचं बरंय, तुमच्या कामात जर्मनशिवाय गत्यंतर नाही. सी-वन आत्ता लावू नका असं माझं मत.

त्यापेक्षा बिल्डिंगमधली 'केअरवोखे' मनावर घ्या. तुमच्याकडेही असेल, दाराला पाटी लटकते आणि ज्याच्या दाराला पाटी त्याने त्या आठवड्यात जिना नि दारापुढची फरशी झाडून पुसायची. बहुतेक भारतीय लोक रात्री उशिरा गुपचूप उरकतात, कुणी भेटायला नको म्हणून. तुम्ही शनिवारी सकाळी करा. शेजारच्या बाई हमखास दार उघडून बघतात, कोपरा राहिला म्हणून सांगतात, मग हवा, मग कचऱ्याचा पिवळा डबा कधी बाहेर काढायचा, मग त्यांचा गुडघा. विषय दर वेळी तेच असतात आणि तेच पाहिजे आपल्याला. दुसऱ्यांदा भेटाल तेव्हा निम्मी वाक्यं तुमच्याकडे तयार असतील.

आणि वॉर्डात स्पष्ट सांगून ठेवा की माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलू नका, मी अडले तरी थांबा. जर्मन माणसाला स्पष्ट सांगितलेलं आवडतं, आपल्यासारखं समजून घेईल अशी अपेक्षा ठेवलीत तर वाटच बघत बसाल.

मास्तरीण_कोथरूड

मी पुण्यात जर्मन शिकवते आणि गेली काही वर्षं वर्गात नर्सिंगची मुलंमुली खूप येतात. २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यावर तर चौकशीचे फोन थांबतच नव्हते. त्यामुळे तुझा प्रश्न माझ्या अगदी ओळखीचा आहे. (तू म्हटलं तर चालेल ना? वर्गातलीच वाटतेस.)

आधी परीक्षेत काय मोजतात ते बघ. गटे इन्स्टिट्यूटची बी-टू घे. वाचन ६५ मिनिटं, लेखन ७५, ऐकणं साधारण ४०, आणि बोलणं किती, तर सुमारे १५ मिनिटं, तेही दोघांत मिळून! त्याच्या आधी तयारीला १५ मिनिटं मिळतात वेगळी. एक छोटं भाषण आणि एक चर्चा. म्हणजे विषय हातात, मुद्दे कागदावर, समोरचा तुझ्यासारखाच शिकाऊ, आणि परीक्षक शांतपणे ऐकायला पगार घेऊन बसलेले. शंभरात साठ मिळाले की तो भाग पास. ही परीक्षा खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, तुला जर्मन येतं हे ती खरंच सांगते. पण तुझ्या वॉर्डातलं हँडओव्हर म्हणजे तयारीला शून्य मिनिटं, सहा जण घाईत, मागे बेल वाजतेय, आणि पेशंट खरा. तिथे लागतो तो वेग, आणि तो या परीक्षेत फारसा मोजलाच जात नाही.

सी-वननं काय होईल? तुझं वाचन-लेखन अजून चकाचक होईल आणि मनातल्या मनात जुळवायला अजून अवघड वाक्यं मिळतील, दुसरं काही नाही. कॅनडात याचा चांगला अभ्यास झालेला आहे. तिकडे इंग्लिश घरातली मुलं पहिल्यापासून फ्रेंच माध्यमात घालतात, सुरुवातीची वर्षं सगळे विषय फ्रेंचमध्ये. मेरिल स्वेन नावाच्या बाईंनी १९८५ मध्ये लिहिलं की सहावीपर्यंत आलेल्या या मुलांचं ऐकून-वाचून समजणं फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचलंय, पण बोलणं आणि लिहिणं मात्र बरंच मागे. इतकी वर्षं कानावर फ्रेंच पडत असूनसुद्धा! त्यांचं म्हणणं असं की वर्गात मुख्यतः शिक्षकच बोलतात, पोरांचं दोन शब्दांत भागतं, त्यामुळे मला जे म्हणायचंय ते नेमकं म्हणता येत नाहीये ही अडचण त्यांच्यापुढे पुरेशी उभीच राहत नाही. समजून घेताना आपण अंदाजाने चालवतो, दोन ओळखीचे शब्द आणि समोरच्याचा चेहरा बघून अर्थ लागतो. बोलताना अंदाज चालत नाही, शब्दाचं प्रत्येक शेपूट, म्हणजे प्रत्यय, लावावंच लागतं. तुला टीव्ही कळतो आणि हँडओव्हर देता येत नाही ते यामुळेच.

आता करायचं काय. न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणून आहेत, त्यांच्या लिखाणामुळे प्रसिद्ध झालेली चार-तीन-दोनची एक पद्धत आहे, मी वर्गात सर्रास वापरते. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत एकाला सांगायची, मग तीच्या तीच तीन मिनिटांत दुसऱ्याला, मग दोन मिनिटांत तिसऱ्याला. नवीन काही शिकायचं नाही, शब्द तेच, फक्त वेळ कमी. तिसऱ्या वेळेला अडखळणं कमी झालेलं तुझं तुलाच जाणवेल. तुझ्याकडे तीन माणसं नसतील तर मोबाईलवर रेकॉर्ड कर, घरी जाताना बसमध्ये नको, लोक बघतील, पण घरी कर. रोज एकच पेशंट घे, नाव न घेता अर्थातच.

आणि त्याला सांगाडा पण तयार आहे. नर्सिंगला एसबार शिकवलं असेलच तुम्हाला, परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचं निरीक्षण, आणि काय करायला हवं. तोच क्रम जर्मनमध्ये ठेव, प्रत्येक पायरीला दोन-दोन ठराविक वाक्यं पाठ कर. हो, पाठ! पाठांतराला नावं ठेवायची हल्ली फॅशन आहे पण वॉर्डातलं बोलणं बरंचसं ठराविकच असतं, तिथे दरवेळी नवं वाक्य घडवायचं कारण काय? डेर-डी चुकलं तर चुकू दे. सुजलेला हात डेर असो की डी, सुजलेलाच राहतो.

बिनधास्त_बर्लिन

एवढं काय टेन्शन घेताय? ग्रामर गेलं तेल लावत, तुटकं फुटकं कसंही बोला, मी तर ए-टूवर आलो होतो, म्हणजे बी-टूच्या दोन पायऱ्या खाली, कॅफेत काम धरलं, सहा महिन्यात भांडायला पण शिकलो. पोहायला शिकायचं तर पाण्यात उडी मारावीच लागते, काठावर बसून बी-टू सी-वन करत बसलात तर आयुष्य जाईल. जर्मन लोकांना काय फरक पडत नाय

रात्रपाळी

बर्लिनवाले दादा, मुद्दा बरोबर आहे पण तुमच्या कॅफेत चुकलं तर कॅपुचिनोऐवजी लाटे जाते. इथे उडी मारणारी ती एकटी नाहीये, तिच्या हातात पेशंट पण आहे. कसंही बोला हे वॉर्डात चालत नाही. ग्रामर चुकलं तर चालतं, आकडा चुकला तर नाही.

मी नागपूरची, इकडे येऊन बरीच वर्षं झाली, बहुतेक काळ रात्रपाळीलाच, त्यामुळे जरा अनुभवाचं सांगते. सिस्टर, आकड्यांपासून सुरू कर. जर्मन आकडे आपल्याला सोपे जायला पाहिजेत, ते एकवीसला एक आणि वीस म्हणतात, आपणही एक आधीच म्हणतो. इंग्लिशमधून आकडा करायची सवय तेवढी सोड, ट्वेंटी-वन मध्ये आणलंस की घोळ. पंधरा आणि पन्नास, फ्यून्फ्त्सेन आणि फ्यून्फ्त्सिग, घाईत एकसारखे ऐकू येतात. इन्शुलिनच्या युनिटला हे किती महागात पडेल ते तुला सांगायला नको. म्हणून ऐकलेला आकडा दर वेळी परत म्हणून दाखवायचा, एक-पाच की पाच-शून्य असं विचारायचं. यात कमीपणा नाही, जन्मापासून जर्मन बोलणारेही करतात. फोनवर दोनला त्स्वाय न म्हणता मुद्दाम त्स्वो म्हणतात, का, तर तीनचं ड्राय त्याच्यासारखं वाजतं. म्हणजे त्यांनाही फोनवर नीट ऐकू येत नाही गं, तू एकटी नाहीस.

फोनचं भूत पण घालवायला पाहिजे. फोन उचलून फक्त तीन गोष्टी करायच्या: वॉर्डचं नाव आणि आपलं नाव सांगायचं, कोण बोलतंय आणि कुठल्या पेशंटबद्दल ते विचारून लिहून घ्यायचं, आणि एक मिनिट, कलीगला देते म्हणायचं. पहिले काही दिवस एवढंच. ट्रॉलीकडे पळण्यापेक्षा हे बरं. मग हळूहळू बघशील की अर्ध्या फोनांना कलीग लागतच नाही, एक्स-रेवाले विचारतात पेशंट पाठवू का, लॅबवाले सांगतात सॅम्पल परत द्या, जेवणवाले विचारतात डायबेटिकचे किती.

आणि खरा क्लास सकाळी अंघोळ घालताना असतो. तेव्हा पेशंटला कुठे जायचं नसतं, तुलाही नसतं, अर्धा तास दोघीच असता. कलीग घाईत असते, म्हातारी नसते. माझ्याकडे एक डिमेन्शियाच्या आजी होत्या, त्या रोज मला विचारायच्या तू कुठली, तुझी आई काय करते, तिकडे थंडी असते का. रोज! मी पण रोज नव्यानं सांगायचे. सुरुवातीला दोन वाक्यं, मग संत्र्यांपर्यंत गेले, मग आजोबांचं शेत, मग एकदा पोळ्याचा बैल जर्मनमध्ये सजवून झाला. त्यांना काल ऐकलेलं आठवायचं नाही त्यामुळे कंटाळायच्या नाहीत. वर मॅडमनी चार-तीन-दोन लिहिलंय ना, माझं ते असं झालं, मला तेव्हा त्याचं नाव माहीत नव्हतं एवढंच.

अजून एक. कॉम्प्युटरवर कलीग लोक जे नोंदी लिहितात ती वाक्यं वाच आणि तश्शीच उचल. तीच वाक्यं हँडओव्हरला तोंडी येतात. पुस्तकातल्या जर्मनपेक्षा तुटक असतात, क्रियापद पण गाळतात कधी कधी. तू पूर्ण वाक्य बनवायला जातेस म्हणून मागे पडतेस. 'बारा नंबर, नाश्ता नाही, डावा हात सूज, शुगर दोन वाजता परत', एवढंच म्हणतात गं ते पण!

जर्सीची_आई

अवांतर होईल पण राहवत नाही. आमच्याकडे हेच उलट्या दिशेनं चालू आहे. मुलगा इथेच जन्मला, दर रविवारी मराठी शाळेत जातो, वाचतो, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. आजी फोनवर बोलते ते शब्दन् शब्द कळतं आणि उत्तर इंग्लिशमध्ये. आम्ही समजून घेतो ना, मग तो कशाला कष्ट घेईल. मागच्या उन्हाळ्यात कोल्हापूरला चुलतभावांनी त्याला 'मराठीत बोल न्हायतर बॅटिंग न्हाई' म्हणून रोखठोक सांगितलं, तेव्हा दोन दिवस फुगून बसला आणि मग बोलायला लागला, ते पण असलं की मला इथल्या शाळेच्या बाईंसमोर बोलू द्यायची भीती वाटते :-) तेव्हा तुमच्या वॉर्डातल्या प्रेमळ लोकांना खरंच सांगा इंग्लिशवर येऊ नका म्हणून. प्रेमानंच घोटाळा होतो.

मिरजेची_सिस्टर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आधी आकडे, मग आज्या, हे डोक्यात बसलं. मास्तरीण मॅडम, तू चालेलच.

इंचार्जला काल सांगितलं की हँडओव्हरला मला सुरुवातीला फक्त दोनच खोल्या द्या पण त्या मीच सांगणार, मध्ये कुणी पूर्ण करू नका. ती म्हणाली हे आधीच का नाही बोललीस, आम्हाला वाटलं तुला बोलायला आवडत नाही! म्हणजे इतके दिवस मी वॉर्डात अबोल मुलगी म्हणून प्रसिद्ध होते. मिरजेत ऐकलं तर हसून पडतील लोक.

आज दोन खोल्या दिल्या. पहिली ठीक गेली, रात्रपाळी ताईंनी सांगितलं तसं तुटक बोलले. दुसऱ्या खोलीत औषधाच्या बदलाचं सांगताना अडकले, शब्द येतच नव्हता, सगळ्या गप्प बसून होत्या, फार वेळ वाटला, पण मग वळसा घालून सांगितलं की सकाळची गोळी आता द्यायची नाही. चाललं.

एकच शंका राहिली. माझी मान्यतेची ज्ञानपरीक्षा अजून व्हायची आहे. एजंट म्हणतो सी-वन केलं तर ती सोपी जाईल. मग नंतर तरी लावू का क्लास?

रात्रपाळी

एजंटला क्लासचं कमिशन आहे का ते विचार आधी.

ज्ञानपरीक्षा तोंडी आणि प्रात्यक्षिक असते. प्रात्यक्षिकाला खरा पेशंट देतात, त्याची काळजी घ्यायची, काय करतेय आणि का ते परीक्षकांना सांगायचं, आणि हँडओव्हर पण आलंच त्यात. तोंडीला एखादी केस देऊन विचारतात, तू काय बघशील, कुणाला कळवशील. म्हणजे तू आज दोन खोल्यांना जे केलंस तेच, फक्त समोर वही घेऊन बसलेली माणसं. तुमच्या हॉस्पिटलात शिकाऊ नर्सना शिकवणारी, विद्यार्थ्यांच्या मागे फिरणारी एक सीनियर असेल, तिला गाठ आणि महिन्यातून एक-दोनदा खोटी परीक्षा घ्यायला लाव. फुकट असतं आणि तिचं कामच आहे ते. सी-वनचं मान्यता हातात आल्यावर बघ, पुढे स्पेशलायझेशन करायचं असेल तर उपयोग होईल.

आणि पुढच्या आठवड्यापासून तिसरी खोली मागून घे.

मास्तरीण_कोथरूड

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. फक्त तो जो शब्द येत नव्हता तो 'आबझेत्सन', औषध बंद करणे. तुटणारं क्रियापद आहे, वाक्यात 'आब' शेवटी जातो. पण तू वळसा घालून सांगितलंस ते जास्त आवडलं मला, वर्गात हे शिकवायला जीव जातो आमचा.